उंचीचे भय आणि डोंगराची निवड

आमच्या वसतिगृहात हिवाळी पदभ्रमणाच्या आदल्या रात्री दोन-चार मुलांचे पोट हमखास दुखते. प्रारंभीची कित्येक वर्षे आम्ही त्यांना ओवा देत असू, फार तर थोडे रागावत असू, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना घेऊन निघत असू. या पोटदुखीचा अर्थ आम्हांला उशिरा कळला, आणि तो कळण्यास इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याला आमच्यामुळे बराच त्रास सोसावा लागला.

त्या वर्षी आम्ही कळसूबाई निवडले होते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. मुलांनी निदान एकदा तरी ते पाहावे, एवढाच आमचा विचार होता. बारी गावातून वर जाताना हा मुलगा सर्वांच्या पुढे होता. वाटेतील लोखंडी शिड्याही तो चढून गेला. परतताना मात्र शिखराखालच्या शिडीच्या तोंडाशी तो थांबला, कठडा दोन्ही हातांनी धरून खाली बसला आणि हलेना. मागे माणसांची रांग लागली. ‘अरे, खाली बघू नकोस, काही होत नाही,’ असे आम्ही पुनःपुन्हा सांगत होतो. कोणीतरी हसलेही. तासाभराने तो उतरला, परंतु त्यानंतर गावात पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. पुढील वर्षी सहलीच्या आदल्या रात्री त्याचे पोट दुखू लागले.

हा मुलगा भित्रा नव्हता. विहिरीत पोहणारा, रात्री एकटा शेतावर जाणारा होता. त्याच्या बाबतीत जे घडले ते मनाइतकेच शरीराचेही होते. आपण उभे असतो तेव्हा शरीर अगदी स्तब्ध कधीच नसते, ते किंचित डोलत असते. हे डोलणे सावरण्यासाठी मेंदू तिघांची साक्ष काढतो : डोळे, आंतरकर्ण, आणि पायांचे स्नायू व सांधे. जवळ भिंत किंवा झाड असेल तर शरीर जरासे कलताच ती वस्तू डोळ्यांना सरकलेली दिसते आणि तोल लगेच सावरला जातो. कड्यावर मात्र समोरची सर्वांत जवळची वस्तू शेकडो फूट दूर असते. ती सरकल्यासारखी दिसतच नाही. तिघांपैकी एक साक्षीदार गप्प होतो, डोलणे वाढते, आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येकाचेच होते. काहींच्या बाबतीत त्या घंटेला भय येऊन मिळते. मग पाय जड होतात, तळहातांना घाम सुटतो आणि सुचेनासे होते. डोळे मिटून घ्यावे असे वाटते, पण मिटल्यास तो एक साक्षीदार पुरताच निघून जातो. ‘दरीकडे बघू नकोस’ हा आमचा सल्लाही म्हणून अपुरा होता. कोठे बघू नये हे आम्ही सांगितले, कोठे बघावे हे सांगितले नाही. हाताजवळचा खडक, पुढच्या माणसाची टाच, पायापुढील दगड, अशा जवळच्या आणि स्थिर गोष्टीवर नजर ठेवली पाहिजे.

एवढे समजल्यावर डोंगर निवडण्याची आमची रीतच बदलली. सोपा, मध्यम आणि कठीण अशी जी प्रतवारी सर्वत्र सांगितली जाते, ती प्रामुख्याने दम आणि पाय यांची असते. उंचीचे भय असणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. शिखर समुद्रसपाटीपासून किती उंच, हाही त्याचा प्रश्न नव्हे. वाटेच्या कडेला काय आहे, हा त्याचा प्रश्न आहे. सह्याद्रीत भटकणारी मंडळी यासाठी ‘दृष्टिभय’ असा नेमका शब्द वापरतात. पाय घसरण्याची शक्यता फारशी नसली, तरी डोळ्यांना खोल दरी दिसत राहते, तो टप्पा दृष्टिभयाचा.

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट साधारण १५ किलोमीटरांची आहे. ती लहान मुलांना थकवते, पण तिचा बहुतांश भाग रुंद आणि रानातून जाणारा आहे. दृष्टिभय असे जवळजवळ नाहीच. याउलट नाशिक जिल्ह्यातील हरिहरच्या खोदीव पायऱ्या चढण्यास वेळ थोडाच लागतो. तथापि त्या जवळजवळ उभ्या आहेत आणि उतरताना कातळाकडे तोंड करूनच उतरावे लागते. दमाच्या मापाने राजमाची जड, डोळ्यांच्या मापाने हरिहर जड. कलावंतीण दुर्गाचेही तसेच. तिथल्या अरुंद पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी होते की मध्येच थांबता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. भय असणाऱ्याला परतीची मोकळीक नसणे हे दरीहूनही जाचक असते. त्याच प्रबळमाचीवरून प्रबळगडाच्या विस्तीर्ण, झाडीच्या माथ्याकडे वळता येते.

बहुतेक वेळा किल्ला बदलण्याचीही आवश्यकता नसते, वाट बदलली तरी पुरते. राजगडाला गुंजवण्याहून चोरदरवाजाने गेल्यास शेवटी कातळावर रेलिंग धरून चढावे लागते. पाली दरवाजाची वाट मात्र राजमार्गच, रुंद पायऱ्यांची. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वराहून टोलार खिंडीने जाताना कातळटप्पा लागतो, पाचनईची वाट तुलनेने सोपी आहे, आणि नळीच्या वाटेचे नाव आमच्यासारख्यांनी काढूच नये. शिवनेरीवर सात दरवाजांचा प्रशस्त मार्ग असताना साखळीच्या वाटेचा हट्ट धरण्याचे कारण नाही. रायगडाच्या रोपवेविषयी पालक नेहमी विचारतात. तो दमलेल्यांसाठी आहे, घाबरणाऱ्यांसाठी नव्हे. पायऱ्यांवर निदान थांबता तरी येते.

आरंभ कोठून करावा, असे विचारल्यास आम्ही लेण्यांची नावे सांगतो. कार्ले, भाजे, लेण्याद्री येथे भिक्खूंसाठी कड्याच्या पोटात विहार कोरले गेले, तरी आज तेथे बांधलेल्या पायऱ्यांनी जाता येते. वर पोहोचल्यावर पाठीशी खडक असतो आणि दरीकडे किती वेळ पाहावे, हे आपल्या हाती राहते. जुन्नरच्या परिसरात तर दोनशेहून अधिक लेणी आहेत; एका मुक्कामात दोन-तीन ठिकाणे होतात. त्यानंतर लोहगड. त्याच्या पायऱ्या रुंद आहेत आणि विंचूकाट्याच्या चिंचोळ्या सोंडेवर न जाताही गड पाहिल्याचे समाधान मिळते. अशा क्रमाने वारंवार गेल्यास भय ओसरते, हा आमचा अनुभव आहे. एकदम हरिहरवर नेऊन ते ‘मोडून काढण्याचे’ प्रयोग आम्ही पाहिले आहेत. त्यातून पोटदुखीच वाढते.

आता जाण्यापूर्वी आमच्यापैकी एक जण वाट स्वतः पाहून येतो, किंवा पायथ्याच्या गावात चौकशी करतो. ‘वाट सोपी आहे का?’ असे मात्र विचारत नाही. रोज गुरे घेऊन कड्यावरून जाणाऱ्याला सारेच सोपे. आडवी वाट आहे का, तिच्या उघड्या बाजूला कारवी-झाडी आहे की नुसता उतार, शिडी किती पावलांची, घसारा कोठे, आणि उतरायला दुसरी वाट आहे का, असे तुकड्यातुकड्याने विचारतो. कारवीची दाट भिंत डोळ्यांना पडद्यासारखी आधार देते. अर्थात ती शरीराला अडवील असे कोणी समजू नये. धुक्याचेही असेच. धुक्यात दरी झाकली जाते, मुले बिनधास्त चालतात, आणि धारेच्या मध्यावर असताना अचानक पडदा उघडतो. शिवाय पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, म्हणून आम्ही पावसात धारेवर जात नाही.

आणखी एक. चढताना नजर डोंगराकडे असते, उतरताना दरीकडे. कळसूबाईवर आम्ही नेमके हेच विसरलो होतो. म्हणून एखादा चढून गेला तरी तो उतरेल असे गृहीत धरू नये. अडलेल्याला प्रथम खाली बसवावे, हात खडकाला लावू द्यावा, मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. मग एकाने त्याच्या एक पायरी खाली, दरीच्या बाजूने राहावे आणि पुढचे एकच पाऊल सांगावे.

पोटदुखीच्या त्या मुलाला पुढच्या वर्षी आम्ही आदल्या रात्री जवळ बसवून राजगडाच्या पाली वाटेचा नकाशा कागदावर काढून दाखवला, आणि बालेकिल्ल्याची चढण उभी आहे हेही लपवले नाही. तो आला. पद्मावती माचीवर देवळाजवळ बसून त्याने स्वतःच सांगितले, ‘गुरुजी, मी इथपर्यंतच.’ आमच्यातील एक जण त्याच्यासोबत थांबला. थोड्या वेळाने आणखी पाच मुले हळूच त्यांच्याजवळ येऊन बसली. त्यांतील दोघे बालेकिल्ला चढण्यास सर्वांत उत्साही आहेत, अशी आमची त्या क्षणापर्यंत समजूत होती.