मॅकॅलनचा विसावा

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीपासून काही मैलांवर मॅकॅलन हे शहर आहे. नदी ओलांडताना पकडलेल्या कुटुंबांची नोंद झाली, न्यायालयात हजर राहण्याची नोटीस हातात पडली, की सीमा गस्तीदल त्यांना इथल्या बसस्थानकावर आणून सोडत असे. दूरच्या कुठल्या तरी शहरात नातेवाईक असायचा, पण तिकिटाला पैसे नसायचे आणि बोलायला इंग्रजी नसायची. २०१४ मध्ये ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्व्हाडोरमधून लेकुरवाळ्या बायांचे लोंढे आले. तेव्हा ‘मिशनरीज ऑफ जीझस’ या नन्सच्या संघाच्या सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांच्या पुढाकाराने सेक्रेड हार्ट चर्चच्या आवारात ‘ह्युमॅनिटेरियन रेस्पाइट सेंटर’ उभं राहिलं.

तिथलं काम घरगुती वाटावं असं. आल्याआल्या गरम सूप, मग आंघोळ आणि धुतलेले कपडे. आजारी असेल त्याला औषध. बुटांना नव्या नाड्या, कारण कोठडीत नाड्या काढून घेतलेल्या असत. नातेवाइकाला फोन लागला, तिकिटाची सोय झाली, की निघताना हाती कागदपत्रांचा मोठा लिफाफा. त्यावर इंग्रजीत ठळक लिहिलेलं असे: मला इंग्रजी येत नाही, पुढची बस कोणती ते कृपया सांगा. बहुतेक कुटुंबं एक-दोन दिवसांत मार्गाला लागत. २०१८-१९ मध्ये गर्दी वाढली तेव्हा देशभरातल्या संघांना हाक गेली आणि निवृत्तीच्या वयातल्या नन्ससुद्धा भांडी घासायला, कपड्यांच्या घड्या घालायला सीमेवर आल्या.

रिओ ग्रांदेच्या या खोऱ्यात हे काम जुनंच. १९८०च्या दशकात, मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळालेल्यांसाठी ब्राउन्सव्हिलच्या बिशपांनी ‘कासा ऑस्कर रोमेरो’ हे आश्रयघर काढलं. सिस्टर नॉर्मा तिथेच घडल्या. १९८७ मध्ये सिस्टर गेरी नॉटन यांनी ‘अराइज’ सुरू केलं. रस्ते-गटारं नसलेल्या वस्त्यांतल्या स्थलांतरित बायका तिथे इंग्रजी शिकल्या आणि पुढे स्वतःच अधिकाऱ्यांसमोर उभं राहून रस्ते-दिवे मागू लागल्या.

केंद्र माणसाला बसपर्यंत पोहोचवत असे. पुढे त्याला देशात राहता येईल की नाही, हे कायदा ठरवतो, म्हणून नन्स वॉशिंग्टनलाही जातात. ‘नेटवर्क’ ही त्यांची संस्था १९७१ मध्ये ४७ सिस्टरांनी काढली. २०१३ मध्ये तिची ‘नन्स ऑन द बस’ यात्रा स्थलांतर कायद्यातल्या सुधारणेसाठी देशभर फिरली. त्याच जूनमध्ये सिनेटने विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा देणाऱ्या १९८६च्या कायद्यानंतर तेवढा व्यापक बदल झालेलाच नाही. जुलै २०१९ मध्ये कोठडीतल्या मुलांसाठी सिनेटच्या कार्यालयीन इमारतीत ठाण मांडणाऱ्या ७० कॅथलिकांना अटक झाली. त्यांत नव्वदीची एक ननही होती.

टीकाही झाली. तुमच्या सूपामुळेच लोक येतात, हा आरोप जुना. २०२४ मध्ये टेक्सासचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन मॅकॅलनचं केंद्र चालवणाऱ्या कॅथलिक चॅरिटीजची जबानी घेऊ पाहत होते. जिल्हा न्यायाधीशांनी ती मागणी फेटाळली. गंमत अशी, की सिस्टर नॉर्मांनी गस्तीदलाशी बोलणं कधीच तोडलं नाही. त्या संबंधांमुळेच त्यांना कोठडीतल्या मुलांपर्यंत जाता आलं. सरकारशी सहकार्य आणि सरकारच्या धोरणाला विरोध, हे दोन्ही त्या एकाच वेळी करतात.

जानेवारी २०२५ पासून सीमेवर आश्रय मागण्याची वाट जवळपास बंद झाली आणि येणाऱ्यांचा ओघ आटला. तरी प्रश्न मिटला, असं नन्स मानत नाहीत. वर्षानुवर्षं इथे राबणारे, इथेच मुलं वाढवणारे बिनकागदपत्रांचे शेजारी आहेत तिथेच आहेत. त्यांच्यासाठी सूप पुरेसं नाही. मतदारसंघातल्या खासदाराचं दार पुन्हा ठोठावावं लागणार आहे.