तंजावरच्या वाटेवर बॉनेट उघडताना

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-कोल्हापूरकडच्या गाड्या बेंगळुरू, सेलम, नामक्कल, तिरुची करत तंजावरला पोहोचतात तेव्हा पारा चाळिशीच्या आसपास असतो. दगड किती तापतो हे बृहदीश्वराच्या आवारात भर दुपारी अनवाणी चालणाऱ्याला कळतं. तरीही दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास बघायचा, मग राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, आणि संध्याकाळच्या आत कुंभकोणम. या धावपळीत गाडीकडे लक्ष जातं ते इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की. लगेच गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायला हात शिवशिवतात. तेवढी एकच वेळ अशी असते, की बॉनेटला हात लावायचा नसतो.

आधी बाजूला थांबा, एसी बंद करा. थांबायला जागा नसेल तर तोवर हीटर पूर्ण वेगाने चालू ठेवा. मे महिन्यात तंजावरला हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनाची बरीच उष्णता तो बाहेर काढतो. थांबल्यावर इंजिन बंद करून मुलांना सावलीत न्या आणि निदान अर्धा-पाऊण तास गाडीकडे फिरकू नका. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत खटकाही ओढू नका.

खरं संकट बॉनेटखालच्या झाकणात दडलेलं असतं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. झाकण साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर, हातावर येतं. फडकं धरून झाकण हळूच फिरवायचा सल्ला वाटेत चारजण देतील. कितीही आपुलकीने दिला तरी तो ऐकू नका. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतणं तितकंच वाईट, कारण धातू तडकू शकतो.

वाफ पांढरी असते आणि कूलंटचा गोडसर वास येतो. जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वास, काळपट धूर असं काही असेल तर मात्र बॉनेट उघडूच नका, ते थंड होण्याचीही वाट पाहू नका. उघडल्याबरोबर आत भरपूर हवा शिरते आणि धुमसणारी आग भडकते. सगळ्यांना उतरवून लांब उभं करा आणि ११२ लावा.

गाडी निवली की उघडण्याचं काम सोपं असतं. बॉनेटला दोन कड्या असतात. डॅशबोर्डखालचा खटका ओढला की पहिली सुटते आणि बॉनेट बोटभर वर येतं. दुसरी कडी फटीत हात घालून चाचपडून सोडवावी लागते. नवख्याला ती सापडत नाही, तो वैतागतो आणि कंपनीला शिव्या घालतो. पण पहिली कडी चालत्या गाडीत सुटली तर वाऱ्याने बॉनेट उलटून काचेवर आदळू नये, म्हणूनच ही दुसरी ठेवलेली असते. वेळांकण्णी, रामेश्वरम असा किनारा फिरून आलेल्या गाडीत तिला खारा गंज चढतो. तेव्हा घरी परतल्यावर तिला तेल दाखवा. सगळ्याच गाड्यांची रचना मात्र अशी नसते: जुन्या थारला बाहेरच्या बाजूला रबरी पट्टे असतात, नॅनोच्या पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी सापडते, तर ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. भाड्याची गाडी घेतली तर हे आधीच विचारून घ्यावं.

बॉनेट वर करून एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने आधाराची दांडी उचलून तिच्या ठरलेल्या भोकातच बसवा. कुठेतरी टेकवून चालत नाही. तमिळ आडी महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून, वाऱ्याने पाटासुद्धा उडतो अशी तिकडे म्हण आहे. पालघाटच्या खिंडीतून येणारा तो वारा समोरून बॉनेटखाली शिरला तर दांडी सुटते आणि बिजागऱ्या वाकतात. गाडीची पाठ वाऱ्याकडे करून उभी केली की वारा बॉनेटला दांडीवरच दाबून धरतो. आत हात घालण्यापूर्वी ओढणी, मफलर, लोंबतं मंगळसूत्र बाजूला करा, आणि बॅटरीजवळ जाताना अंगठी-घड्याळ काढून ठेवा. इंजिन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांचा फॅन उष्णतेने आपोआप फिरू लागतो, म्हणून त्याच्या पात्यांपासून बोटं लांबच बरी. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावायचाच नाही.

दिवाळीत गेलात तर तंजावर निराळं. तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस पडत असतो, कावेरीच्या खोऱ्यातली भातखाचरं भरलेली असतात आणि उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते. रात्रभर लॉजबाहेर उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन त्यांना पसंत पडतं. वायरी कुरतडलेल्या गाडीचं बिल त्या प्रवासातल्या जेवणांच्या एकूण बिलाहून मोठं निघू शकतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. मांजर असेल तर तेही पळतं. मग उघडून लेंड्या, भाताचं तूस, कुरतडलेलं रबर दिसतंय का ते पाहा.

बंद करताना तळहाताने दाबत बसू नका, पत्र्याला पोचा पडतो. दांडी तिच्या जागी अडकवा, बॉनेट वीतभर उंचीपर्यंत खाली आणा आणि सोडा. खट् आवाज आला तरी पुढची कड धरून एकदा वर ओढून पाहा. ते हललं तर पुन्हा उघडून पुन्हा सोडा. आणि तिरुचीच्या रस्त्यावर वेगात असताना ते उडालंच, तर करकचून ब्रेक मारू नका. बॉनेटच्या खालच्या फटीतून समोरचा रस्ता बहुधा दिसतो. मान खाली करून त्यातून पाहत, आपत्कालीन दिवे लावून, वेग हळूहळू कमी करत डावीकडे या.