पलटणीतला सोबती शेवटच्या आजारात असतो तेव्हा

आपल्या अनेक वस्त्यांमध्ये एखादे तरी घर माजी सैनिकाचे असते. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गणवेशातला फोटो आणि दारावरच्या पाटीवर नावाआधी हवालदार किंवा सुभेदार असा हुद्दा. बाबासाहेबांचे वडील रामजी हे स्वतः सुभेदार होते. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दरवर्षी १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढे आपण सैनिकी परंपरेला मानवंदना देतो. पण त्याच परंपरेतला एखादा निवृत्त जवान कर्करोगाने घरात पडून असतो तेव्हा त्याच्याजवळ कोण बसते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

समाजकार्याच्या निमित्ताने अशा घरांत जाताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसली. नातेवाईक पांगतात, कार्यकर्ते आपापल्या कार्यक्रमांत असतात, पण पलटणीतले जुने सोबती मात्र येत राहतात. ते नेमके काय करतात, ते रुग्णाला का चालते आणि त्यात आपल्या तरुणांनी कुठे हातभार लावावा, याची ही मांडणी.

सामाजिक मृत्यू आणि सोबत

समाजशास्त्रात 'सामाजिक मृत्यू' अशी एक संकल्पना आहे. माणूस श्वास घेत असतो, पण आजूबाजूचे लोक तो गेलाच असे धरून वागू लागतात. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतात, घरातले निर्णय त्याला न विचारता घेतात, भेटायला येणारा उंबऱ्यावरूनच चौकशी करून परत जातो. तोंडाच्या कर्करोगात बोलणे अस्पष्ट होते, जखमेला वास येतो, तेव्हा हे फार लवकर घडते.

जुने सोबती ही प्रक्रिया रोखतात. ते त्याला अजूनही हुद्द्याने हाक मारतात. पूंछची ड्युटी, सियाचीनची थंडी, १९८७ नंतरची श्रीलंकेतली मोहीम, लंगरमधले जेवण, कडक सुभेदार साहेब, या आठवणी काढतात. रुग्णाला उत्तर देता आले नाही तरी तो डोळ्यांनी सामील होतो. तो त्यांच्यासाठी अजून पलटणीतलाच असतो.

दुसरे कारण शरीराचे आहे. मुलाने किंवा सुनेने अंग पुसावे, बेडपॅन द्यावे याची अनेक पुरुषांना लाज वाटते. ज्यांच्याबरोबर बराकीत वर्षे काढली, जखमी अवस्थेत ज्यांनी खांद्यावरून आणले, त्यांच्यापुढे ही लाज उरत नाही. दाढी करणे, कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीच्या सुरकुत्या काढणे ही कामे सोबती सहज करतात. महार रेजिमेंटसह अनेक पलटणी मिश्र असल्यामुळे या सोबत्यांत मराठा असतात, आदिवासी असतात, मुसलमान असतात. ज्या घरी गावातले काही लोक पाणी पीत नाहीत, त्या घरी हे लोक ताटाला ताट लावून जेवतात. मरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या मुलांना हे पाहण्याचे मोल किती आहे, ते वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट शिस्तीची. एकटी पत्नी रात्रंदिवस जागते आणि महिन्याभरात स्वतः आजारी पडते. सोबती पाळ्या लावतात: कोणी रात्री दहा ते दोन, कोणी दोन ते सहा. गार्ड ड्युटीची सवय इथे उपयोगी पडते. अमेरिकेत २००१ मध्ये ओरेगॉनमधल्या एका नर्सने, कोणीही एकटे मरू नये म्हणून, रुग्णाजवळ आळीपाळीने बसणाऱ्या स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू केला. पुढे तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीही तो उचलला. आपल्याकडे हेच काम नाव न देता चालते.

वेदना सहन करणे म्हणजे शौर्य नव्हे

सैनिकी संस्काराची एक बाजू अडचणीची आहे. 'जवान रडत नाही' या समजुतीने रुग्ण वेदना लपवतो आणि सोबतीही त्याला 'हिंमत ठेव' म्हणतात. कर्करोगाची तीव्र वेदना औषधाने बऱ्याच अंशी आटोक्यात येते. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन त्यासाठी जगभर वापरले जाते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते दिले तर मृत्यू लवकर येत नाही, आणि वेदनेसाठी घेणारा रुग्ण सहसा व्यसनी होत नाही. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत जुलाबाचे औषध लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते सहज मिळत नाही. त्यामुळे जवळचा परिहार सेवा विभाग कुठे आहे, हे आधी शोधावे लागते. परिहार सेवा म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र आहे. काही जिल्हा रुग्णालयांतही ही सोय आहे.

आणखी एक स्पष्ट बोलायचे तर, भेटीला येताना कॅन्टीनची बाटली आणू नये. झोपेच्या आणि वेदनेच्या औषधांवर दारू धोकादायक ठरते. पंचशीलाची गोष्ट बाजूला ठेवली तरी एवढे कारण पुरेसे आहे.

कागद वेळेत पाहा

माणूस गेल्यावर पत्नी कार्यालयांचे उंबरठे झिजवते, ते टाळता येण्यासारखे असते. रुग्ण शुद्धीवर असताना सोबत्यांनी त्याच्याबरोबर बसून पुढील गोष्टी तपासाव्यात.

- पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का? आधार कार्डाशी जुळते का? नावातल्या एका अक्षराच्या फरकाने कुटुंब पेन्शन अडते.
- अपंग मूल असेल तर त्याची नोंद झाली आहे का?
- 'स्पर्श' या पेन्शन प्रणालीतला मोबाइल क्रमांक चालू आहे का आणि तो कोणाकडे आहे?
- ईसीएचएस कार्ड पत्नीचेही आहे का? ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. पॉलिक्लिनिकच्या शिफारशीने ठरलेल्या रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात.
- बँक खाते, विमा, घर आणि शेती यांचे वारस कोण? मृत्युपत्र केले आहे का?

मृत्यूनंतर बँक आणि पेन्शन कार्यालयाला लगेच कळवावे. उशीर झाला तर जादा जमा झालेली पेन्शन नंतर वसूल होते आणि त्याचा ताण विधवेवर येतो. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हेही रुग्णालाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते.

अखेरचे दिवस

शेवटच्या दिवसांत रुग्ण खाणे कमी करतो, जास्त झोपतो. हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून चालतो, घशात घरघर होते. घरचे घाबरून बळजबरीने पाणी पाजतात आणि ते श्वासनलिकेत जाते. त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओले करावे, कुशीवर झोपवावे. ऐकण्याची शक्ती बराच वेळ टिकत असावी असे मानले जाते, म्हणून खोलीत मालमत्तेची चर्चा करू नये. हात धरून हळू बोलावे. त्याची इच्छा असेल तर त्रिसरण-पंचशील किंवा परित्राण पाठ म्हणावा, नसेल तर शांत बसावे.

धम्माच्या वाङ्मयात याचे दाखले आहेत. अतिसाराने एकटा पडलेला भिक्खू दिसला तेव्हा भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि संघाला एकमेकांच्या सेवेची जबाबदारी दिली. अंगुत्तर निकायात नकुलमाता आजारी पतीला सांगते, की घराची आणि मुलांची काळजी घेऊन प्राण सोडू नका, मी सूत कातून संसार चालवीन. मरणाऱ्याला उपदेशापेक्षा आधी अशी हमी हवी असते. पेन्शनचा कागद नीट झाला, मुलीची फी भरली गेली, हे सांगणारा सोबती तीच हमी देत असतो.

तरुणांनी काय करावे

माजी सैनिकांचेही वय होत चालले आहे. रात्रीची पाळी, दुचाकीवरून औषध आणणे, ऑनलाइन अर्ज भरणे ही कामे तरुणांची आहेत. प्रत्येक विहाराने आपल्या भागातल्या माजी सैनिकांची यादी करावी, त्यांच्या पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या एकाचा संपर्क ठेवावा आणि जवळच्या पॉलिक्लिनिकची व परिहार सेवेची माहिती फलकावर लावावी. सोबत्यांनी सांगितलेल्या आठवणी, कुटुंबाची परवानगी घेऊन, लिहून ठेवाव्यात.

अंत्ययात्रेला आपण शेकड्यांनी जमतो, घोषणा देतो, पुण्यानुमोदनाला भाषणे करतो. त्यातले चार जण आधीच्या तीन आठवड्यांत आळीपाळीने बसले असते, तर त्या माणसाला ते कळले असते. आणि पुण्यानुमोदन झाल्यावर महिन्याने एकदा त्या घरी जावे. पेन्शन सुरू झाली का, एवढे विचारले तरी त्या माउलीला आपण एकटे नाही हे समजते.