पाठीवरचे ओझे आणि मनगटावरचे घड्याळ

पाठीवर पंधरा-वीस किलोंची सॅक घेऊन मैलोगणती चालणे हा एके काळी सैनिक, हमाल आणि गिर्यारोहक यांचाच व्यवहार मानला जाई. आता शहरांतील पुष्कळ मंडळी व्यायाम म्हणून ते करू लागली आहेत, आणि अमेरिकेत त्यास ‘रकिंग’ असे नावही मिळाले आहे. नेदरलंड्समधील नाइमेखेन येथे १९०९ पासून चालत आलेल्या चार दिवसांच्या पदयात्रेत सैनिकी पथके रोज ४० किलोमीटर चालतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान १० किलोंचे ओझे असते. आपल्याकडे दार्जिलिंग वा उत्तरकाशी येथे गिर्यारोहण शिकणारे विद्यार्थी आणि सह्याद्रीत मुक्कामी भटकंती करणारे तरुण यांना हा अनुभव नवा नाही.

अशा एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी एके दिवशी म्हणते, “बाबा, मला जी.पी.एस. असलेले मजबूत घड्याळ हवे.” किंमत विचारावी तो आकडा दहा-बारा हजारांपासून सुरू होतो आणि लाखाच्या पुढे जातो. तेव्हा पहिला प्रश्न गरजेचा असावा. आपला मुलगा सैन्यभरतीची तयारी करीत असेल, तर भरतीच्या मैदानावरील धाव १.६ किलोमीटरची आणि बिनवजनाची असते. तिच्यासाठी साधे वेळमापक घड्याळ पुरेसे आहे; उरलेल्या पैशांतून उत्तम बूट आणि दूध-अंडी आली, तर त्याचा लाभ अधिक. ज्यास डोंगरात, रानात, एकट्यादुकट्याने, ओझे घेऊन दीर्घ काळ चालावयाचे आहे, त्याच्यासाठी मात्र हे घड्याळ चैनीची वस्तू राहत नाही. धुक्यात वाट चुकल्यावर आल्या मार्गाने परत नेणारे साधन मनगटावर असणे, ही साधी गोष्ट नव्हे.

हे घड्याळ वाट कशी ओळखते? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपल्या अणुघड्याळांची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत किती उशिराने पोहोचले, यावरून घड्याळ आपले स्थान काढते. या गणितात सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. साम्रदजवळच्या सांधण दरीसारख्या अरुंद घळीत संकेत कड्यांवर आपटून वाकड्या मार्गाने येतात, आणि मग आपण नकाशावर कड्याच्या आत शिरलेले दिसतो! यावर उपाय म्हणजे एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही पट्ट्यांवर संकेत घेणारे घड्याळ. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचा एल-१ संकेत २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाला. तथापि केवळ ‘नाविक’ हे नाव पाहून खरेदी करू नये, दोन पट्ट्यांची सोय आहे की नाही हे विचारावे.

उंची मोजण्यासाठी उपग्रहांपेक्षा हवेच्या दाबावर चालणारे मापक अधिक विश्वासाचे. समुद्रसपाटीलगत दर आठ मीटरांच्या चढास दाब सुमारे एका हेक्टोपास्कलने उतरतो. अडचण एवढीच, की वादळी हवेतही दाब उतरतो. रात्रीतून तो पाच हेक्टोपास्कलने घटला, तर तंबूत झोपलेला मनुष्य सकाळी चाळीस मीटर उंच गेलेला दिसेल. यास्तव ज्ञात उंचीच्या ठिकाणी घड्याळ जुळवून घ्यावे. आपल्या रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. चढाईच्या गावी उतरलात की तिथेच हे काम उरकता येते.

ओझ्याचा हिशेब हा या सर्वांत मनोरंजक भाग. १९७७ साली अमेरिकी सैन्याच्या संशोधनसंस्थेतील पँडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन घेऊन चालण्याच्या श्रमाचे एक सूत्र मांडले. त्यानुसार ७० किलो वजनाचा मनुष्य पक्क्या सपाट रस्त्याने ताशी ५ किलोमीटर वेगाने मोकळा चालला, तर सुमारे ३०८ वॅट शक्ती खर्चतो. पाठीवर १५ किलो घेतले की ३५९. तोच रस्ता शंभर मीटरांस पाच मीटर चढू लागला की ५६५. आणि चढ नसून थरच्या वाळवंटासारखी भुसभुशीत वाळू असेल, तर तब्बल ६२९! म्हणजे ओझ्याने वाढलेल्या श्रमापेक्षा चढाने आणि वाळूने वाढलेले श्रम कितीतरी अधिक. काही नव्या घड्याळांत पाठीवरचे वजन नोंदविण्याची सोय आली आहे, आणि चढ तर घड्याळास कळतोच. पायाखाली डांबर आहे की वाळू, हे मात्र त्यास ठाऊक नसते. त्यामुळे उष्मांकांचा आकडा पाहून जेवणाचे प्रमाण ठरवू नये.

त्यापेक्षा हृदयाचे ठोके अधिक खरे बोलतात, पण तेही नीट मोजले तर. मनगटावरचे घड्याळ हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह पाहते. थंडीत, काठ्या घट्ट धरल्यावर किंवा पट्टा सैल असल्यास त्याचा अंदाज चुकतो. कधी ते पावलांच्या तालासच नाडी समजते. कडक उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्यास ही चूक महागात पडू शकेल. छातीला बांधावयाचा पट्टा घड्याळास जोडता येतो का, हे अवश्य पाहावे. आणि चक्कर वा मळमळ होऊ लागली, तर आकडा काहीही असो, सावलीत बसावे.

मजबुतीविषयी दुकानदार ‘सैनिकी दर्जा’ असे मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याचा रोख बहुधा १९६२ साली प्रथम निघालेल्या मिल-एस.टी.डी.-८१० या अमेरिकी मानकाकडे असतो. त्यात उष्णता, धक्का, धूळ इत्यादींच्या पुष्कळ चाचण्यांच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांपैकी कोणत्या केल्या हे उत्पादक स्वतः ठरवितो. म्हणून चाचण्यांची नावे विचारावीत. ‘१०० मीटर जलरोधक’ याचाही अर्थ शंभर मीटर बुडी मारावी असा नव्हे. तो स्थिर दाबाचा आकडा आहे. पाऊस आणि पोहणे यांस तो पुरेसा. काचेत कृत्रिम नीलमाची काच वाळूने ओरखडत नाही, पण ती ठिसूळ असते. सॅकच्या पट्ट्यांत हात घालता-काढता घड्याळ बकलावर घासतेच, म्हणून काचेभोवती उंच कडा असलेली ठेवण मला अधिक पसंत आहे. घामट बोटांना वा हातमोज्यांना स्पर्शपडद्यापेक्षा बटणेच सोयीची.

बॅटरीचा जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बहुधा काटकसरीच्या पद्धतीचा असतो. दोन्ही पट्टे चालू ठेवल्यावर किती तास, हे विचारावे. आणि आपल्या सर्वांत लांब चालीच्या दुप्पट तास मिळतील असे घड्याळ घ्यावे, कारण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. छापील नकाशा व होकायंत्र तरीही सॅकमध्ये असू द्यावे.

परदेशातील आप्ताकडून घड्याळ मागविणार असाल, तर आणखी एक चौकशी करावी. २०२५ पासून काही घड्याळांतून उपग्रहाद्वारे संदेश पाठविता येतात. जी.पी.एस. संकेत घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु उपग्रह-दूरध्वनीसारखी उपकरणे दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीविना भारतात आणणे वा वापरणे कायद्यास धरून नाही, आणि अशा उपकरणांपायी प्रवासी विमानतळावर अडकले आहेत.

ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात आहे, त्यांनी चालीची नोंद कोठे जाते, इकडेही लक्ष द्यावे. ‘स्ट्राव्हा’ने २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या व्यायामांचा नकाशा प्रसिद्ध केला, २०१८ च्या जानेवारीत त्यावरून सैनिकी तळांच्या वाटा उघड दिसत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. नोंदी खासगी ठेवण्याची आणि घराभोवतीचा भाग लपविण्याची सोय अशा बहुतेक सेवांत असते. ती खोक्यातून घड्याळ काढल्या दिवशीच चालू करावी.