नखरंजन : कांहीं शब्दांचा उलगडा

तिन्हीसांजेला नखें कापूं नयेत, कापलेलीं नखें घरांत टाकूं नयेत, असे दंडक आमच्या वडील मंडळींनीं घालून दिले होते. शोभेला मेंदी आणि आळता पुरेसा होई. आतां लग्नघरांतील मुली नखें सजवून घेण्यास बाहेर जातात आणि तेथील परिभाषा ऐकून त्यांच्या आया गोंधळतात. या परिभाषेचा आरोग्याशींही संबंध आहे. म्हणून तिचा थोडक्यांत उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'मॅनिक्युअर' हा शब्द मूळ लॅटिन भाषेंतील. 'मानुस' म्हणजे हात व 'क्युरा' म्हणजे निगा. नखें कापणें, कानशीनें घासून आकार देणें, हात कोमट पाण्यांत भिजविणें व शेवटीं रंग लावणें, हे तिचे मुख्य संस्कार. त्यांतील 'क्युटिकल' या शब्दाकडे आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष लक्ष द्यावें. नखाच्या मुळाशीं चिकटलेला पातळ पापुद्रा तो क्युटिकल. दिसावयास तो निरुपयोगी. परंतु नख व कातडी यांमधील फट तोच बुजवितो. तो कापला, कीं जंतूंना वाट मोकळी होते व नखुरडें होण्याचा संभव असतो. म्हणून तो भिजवून हलकेच मागें सारावा. कापूं देऊं नये.

आतां रंगाविषयीं. मेंदी नखांतील केरॅटिनशीं संयोग पावते व नख वाढून कापलें जाईपर्यंत टिकते. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें; संपूर्ण नवें येण्यास सुमारें ६ महिने लागतात. नेलपॉलिशचें तसें नाहीं. तें नखावरील केवळ एक कवच होय. नायट्रोसेल्युलोज एथिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रवांत विरघळवून तें करतात. द्रव उडाला, कीं कवच उरतें. हा द्रव फार ज्वालाग्राही. सबब समईजवळ वा पेटत्या शेगडीजवळ शिशी उघडूं नये.

रंगाखालीं लावितात तो 'बेस कोट'. त्यानें नखावर पिवळे डाग कमी पडतात. वरून लावितात तो 'टॉप कोट'. त्यानें चकाकी येते. शिशीवर 'थ्री-फ्री' असें असल्यास टोल्युईन, फॉर्मल्डिहाइड व डायब्युटिल थॅलेट हीं तीन द्रव्यें तींत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचें सर्व निर्दोष आहे असा नव्हे.

'जेल' हा प्रकार निराळा. तो हवेनें वाळत नाहीं. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं घट्ट होतो. अर्धवट कच्चा जेल कातडीस लागत राहिल्यास अ‍ॅलर्जी जडूं शकते, आणि ती बहुधा जन्मभर राहते. दांतांत भरावयाच्या कांहीं मसाल्यांतही त्याच जातीचीं द्रव्यें असल्यानें पुढें तेथेंही अडचण येऊं शकते. जेल घट्ट होण्यास साह्य करणारें 'टीपीओ' हें द्रव्य युरोपीय संघानें १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केलें आहे. जेल नखानें ओरबाडून काढूं नये. त्याबरोबर नखाचे पापुद्रेही निघतात.

हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु नख फिकें पडलें, निळसर झालें, तर त्यावरून शरीरांतील बिघाड वैद्यास कळतो. शस्त्रक्रियेपूर्वीं रंग काढावयास सांगतात तो याचसाठीं. तेव्हां अधूनमधून नखें कांहीं दिवस बिनरंगाचीं ठेवून मुलींनीं तीं उजेडांत न्याहाळावीं, एवढीच आमची सूचना आहे.