साध्या एडिटरवरचे आळ

कामांची यादी, ई-मेलचा कच्चा मसुदा, वेबसाइटवर चढवायचा मजकूर, सभासदांची नावं असलेली सीएसव्ही फाइल. रोजच्या कामातल्या बऱ्याचशा मजकुराला ठळक-तिरपी अक्षरं, रंग, समास यातलं काहीच लागत नाही. त्याला प्लेन टेक्स्ट एडिटर पुरतो आणि तो संगणकात आधीपासूनच असतो. विंडोजवर नोटपॅड, मॅकवर टेक्स्टएडिट, लिनक्सवर केट किंवा तसाच एखादा. तरीही मराठीत लिहिणाऱ्यांमध्ये हा प्रकार बदनाम आहे. त्याच्यावरचे काही आळ एके काळी खरे होते, काही मुळातच दुसऱ्याच्या खात्यावरचे आहेत.

‘नोटपॅडमध्ये मराठी टिकत नाही’

हा सगळ्यात जुना आळ आणि त्यात तथ्य होतं. नोटपॅड १९८५ पासून विंडोजबरोबर येतं. फाइल सेव्ह करताना खाली ‘एन्कोडिंग’ असा एक रकाना दिसतो. मजकुरातलं प्रत्येक अक्षर कोणत्या आकड्यांनी साठवायचं, हे तिथे ठरतं. बरीच वर्षं तिथे ‘एएनएसआय’ हा पर्याय आधीच निवडलेला असायचा आणि आपल्याकडच्या नेहमीच्या मशीनवर त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नव्हती. नोटपॅड सेव्ह करण्याआधी इशारा द्यायचं, पण तो न वाचता ओके दाबलं की सगळा मजकूर प्रश्नचिन्हांचा. एकदा फाइल बंद केली की ती अक्षरं परत मिळत नाहीत, कारण फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठवलेली असतात.

मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. देवनागरी त्यात सुखरूप राहते. खात्री करायची तर नोटपॅडमध्ये फक्त ‘पुणे’ लिहा, पुढे एंटरसुद्धा दाबू नका, आणि सेव्ह केलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. १२ बाइट दिसतील: प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट. ४ बाइट दिसले तर समजा चार प्रश्नचिन्हं साठली आहेत. आणि १५ दिसले तर फाइलच्या सुरुवातीला ‘बॉम’ नावाची तीन बाइटांची खूण आहे.

ही खूण एके ठिकाणी फार कामाची. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नावांऐवजी टोपीवाली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं दिसतात, हा अनुभव अनेकांना असेल. फाइल बिघडलेली नसते. एक्सेल तिला जुन्या तक्त्यातली समजून एकेका देवनागरी चिन्हाचे तीन तुकडे वेगवेगळे वाचतं. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडून सेव्ह करा, आणि मग एक्सेलला द्या. मात्र एक्सेलमध्ये ती विचित्र अक्षरं दिसत असताना सेव्ह दाबू नका, नाहीतर नसलेला बिघाड खरोखरच होईल.

‘डीटीपीवाल्याचा मजकूर चिकटवला की इंग्रजी कचरा येतो’

येतो, पण तो एडिटरने केलेला नसतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरं रोमनच असायची. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचा. प्लेन टेक्स्टमध्ये फॉन्ट साठवलाच जात नाही, त्यामुळे पडदा दूर होतो आणि आतलं जे आहे तेच दिसतं. अशा मजकुराला युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर हवा. एडिटर बदलून काही होणार नाही. उलट मी तर म्हणेन, मजकूर खरा युनिकोड आहे की नाही, हे तपासायला नोटपॅडमध्ये चिकटवून बघण्याइतकी सोपी कसोटी नाही.

फाइल उघडताना एडिटरला कधीकधी एन्कोडिंगचा अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज चुकतोही. विंडोज एक्सपीच्या काळात नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ हे वाक्य इंग्रजीत लिहून सेव्ह करायचं, फाइल पुन्हा उघडायची, आणि चिनी अक्षरं किंवा चौकोन बघून थक्क व्हायचं, असा खेळ जगभर चालला. लोकांनी त्यात राजकारण शोधलं. कारण मात्र निरस होतं. आखूड मजकुरावरून एन्कोडिंग ओळखणारी विंडोजची युक्ती फसायची, आणि त्याच मापाच्या इतर निरुपद्रवी वाक्यांचंही तेच व्हायचं. विस्टापासून हा दोष गेला.

‘वर्ड असताना वेगळा एडिटर कशाला?’

वर्डची डॉक्स फाइल म्हणजे एक झिप पेटी आहे. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत मजकुराशिवाय शैली, फॉन्ट, मांडणी यांच्या बऱ्याच फाइली सापडतील. पत्रिका किंवा अहवाल करायचा असेल तर हे सगळं हवंच. पण वेबसाइटच्या फॉर्ममध्ये, एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा कोडमध्ये तोच मजकूर टाकला की अडचणी सुरू होतात. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हं करतं, आणि प्रोग्रॅमला ती चालत नाहीत. वर्डमधूनही ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणून सेव्ह करता येतं, पण तेव्हा ते एन्कोडिंग विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडायचं लक्षात ठेवावं लागतं.

मॅकवाल्यांनी एक सेटिंग बदलून घ्यावं. टेक्स्टएडिट नवी फाइल रिच टेक्स्टमध्ये उघडतं. फॉरमॅट मेनूतून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ करता येतं आणि सेटिंगमध्ये ते कायमचंही ठेवता येतं.

‘शोधा म्हटलं की सगळं सापडतं’

मराठीत सापडेलच असं नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण बहुतेक एडिटर साठवलेल्या आकड्यांवरून शोधतात, दिसणाऱ्या आकारावरून नाही. दोन वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप झालेला अहवाल असेल, तर निम्मे शेतकरी सुटतात. उपाय सोपा आहे: सुटलेला शब्द फाइलमधूनच कॉपी करून ‘फाइंड’च्या चौकटीत चिकटवा आणि ‘रिप्लेस ऑल’ने एकसारखा करून घ्या.

ओळी अकारविल्हे लावण्याचंही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे एडिटरचं साधं सॉर्ट ‘काळे’ आधी आणि ‘काशीकर’ नंतर लावतं. सोसायटीच्या सभासदांची यादी छापण्यापूर्वी एकदा नजर फिरवलेली बरी.

‘चांगला एडिटर म्हणजे प्रोग्रॅमरचा एडिटर’

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याचा वारसदार व्हिम ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणला. दोन्ही थोर, पण आत शिरल्यावर बाहेर कसं पडायचं, हा जगभरातल्या नवशिक्यांचा प्रश्न आहे. प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर तो २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. चुकून अडकलात तर एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. केलेले बदल सोडून तो बंद होतो. किराण्याच्या यादीसाठी एवढं शिकायची गरज नाही. २०१५ मध्ये आलेला व्हीएस कोड कोड लिहिणाऱ्यांना उत्तम, पण चार ओळींच्या टिपणासाठी तो उघडणं मला तरी पटत नाही. जुन्या लॅपटॉपवर तो जडही जातो.

मधली पायरी आहे नोटपॅड प्लस प्लस. २००३ पासून मिळणारं, मोफत, फक्त विंडोजवरचं. अनेक फाइलींत एकदम शोधणं-बदलणं, ओळी लावणं, एन्कोडिंग बदलणं यासाठी ते घ्यावं.

टॅबविषयी मात्र सावध राहा. विंडोज ११ चं नोटपॅड टॅबमधला सेव्ह न केलेला मजकूरही बंद करून उघडल्यावर दाखवतं. म्हणून अनेकांना वाटतं, फाइल झाली. प्रत्यक्षात तो मजकूर ॲपच्या स्वतःच्या कोपऱ्यात असतो, तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये नाही, आणि पेनड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीतही नाही. शिवाय साध्या टेक्स्ट फाइलला कुलूप नसतं. बँकेचे पासवर्ड त्यात लिहून ठेवू नका.

माझा कौल असा: विंडोजवर आहे ते नोटपॅड राहू द्या, महिन्यातून चार वेळा सीएसव्ही किंवा मोठ्या यादीशी गाठ पडत असेल तर नोटपॅड प्लस प्लस जोडीला घ्या, आणि एडिटर कोणताही असो, सेव्ह करताना एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-८ आहे ना, एवढं बघा.