घोडे तेवढेच, जागे किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या गिअरबॉक्सवर कवीनं बोलावं, हे ऐकून आमच्या लोह्यातले काही मित्र हसतील. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध सायकलच्या साखळीपलीकडे कधी गेला नाही. पण एक प्रसंग असा घडला, की त्यानंतर चार दिवस मी दुसरं काही वाचलंच नाही.

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा बघायला तो नवी कोरी गाडी घेऊन आला. दीडशे अश्वशक्तीची गाडी, गिअर आपोआप बदलणारे. यात्रेच्या आदल्या दिवशी आम्ही कंधारला एका लग्नाला निघालो. रस्ता दुहेरी वाहतुकीचा, मध्ये दुभाजक नाही. पुढे कापसानं फुगलेला एक ट्रक. समोर एस.टी. दिसत होती, पण लांब होती. भाच्यानं गाडी उजवीकडे काढली आणि पाय दाबला. गाडी क्षणभर तशीच राहिली. त्यानं आणखी दाबला. मग एकाएकी इंजिन ओरडलं; पण तोवर एस.टी. अंगावर आली होती. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि आम्ही पुन्हा ट्रकच्या मागे आलो. मागे बसलेल्या बहिणीच्या तोंडून शब्द फुटेना.

"मामू, ऐन वेळी गाडीनं दगा दिला," भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "भाई, दगाबिगा काही नाही. गाडी वरच्या गिअरात निवांत होती. तिला आधी जागं करायला पाहिजे होतं." मग गाडीच्या कप्प्यातली माहितीपुस्तिका काढली. तिचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं!

आता हे जागं करणं म्हणजे काय, ते बघू.

एक अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकं काम. गाडीच्या कागदावर 150 अश्वशक्ती लिहिलेली असते. पण ते घोडे सदासर्वकाळ जुंपलेले नसतात. इंजिनाची शक्ती दोन गोष्टींवर ठरते. एक त्याचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि दुसरी मिनिटाला होणारे फेरे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती.

पुण्याजवळ चाकणला तयार होणारी, 2022 साली आलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ही गाडी उदाहरणाला घेऊ. भाच्याची गाडी दुसरी आहे, पण तत्त्व एकच. व्हर्टसच्या दीड लिटरच्या इंजिनाचा पीळ 250 न्यूटन मीटर. तो 1600 फेऱ्यांपासून 3500 फेऱ्यांपर्यंत सारखा मिळतो. आता गुणाकार करा. 1600 फेऱ्यांवर शक्ती येते सुमारे 57 अश्वशक्ती. 3500 फेऱ्यांवर ती होते जवळजवळ 125. पुरते दीडशे घोडे धावतात ते 5000 फेऱ्यांच्या वर. म्हणजे इंजिन तेच, पेट्रोल तेच. पण वरच्या गिअरात रमतगमत चाललेल्या गाडीचे शंभराच्या आसपास घोडे तबेल्यात उभे असतात.

त्यांना बाहेर काढण्याचं काम गिअरबॉक्सचं. खालचा गिअर पडला, की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वाढतात, आणि फेरे वाढले की शक्ती वाढते. तो गिअर कधी टाकायचा, हे ठरवण्यासाठी दांड्याजवळ डी, एस आणि एम अशी अक्षरं असतात.

डी म्हणजे नेहमीचं चालवणं. त्यात गिअरबॉक्सचा सगळा कल बचतीकडे. गाडी जराशी पळू लागली की तो भराभर वरचा गिअर टाकतो आणि फेरे कमी ठेवतो. पेट्रोल वाचतं, आवाज होत नाही. एस म्हणजे स्पोर्ट. यात गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो. ब्रेक लावला की खालचा गिअर लवकर पडतो. फेरे चढते राहतात आणि घोडे खोगीर घालून तयार असतात. एम म्हणजे गिअर तुम्ही ठरवायचा, दांड्यानं किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी. तरीही यंत्र पहारा ठेवतं. इंजिनाला झेपणार नाही इतका खालचा गिअर मागितला, तर ते ऐकत नाही.

या व्हर्टसचा गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे. एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचकडे. दोन, चार, सहा दुसऱ्याकडे. एक गिअर चालू असताना शेजारचा आधीच लावून ठेवलेला असतो. त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवण्याआधी होतो. पण सहाव्यातून एकदम तिसऱ्यात यायचं झालं, तर तयारी नव्यानं करावी लागते. शिवाय टर्बोची चक्की फिरते ती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर. फेरे कमी तर धूर कमी, आणि चक्कीला जोर धरायला थोडा अवधी लागतो. भाच्याचा वेळ गेला तो इथं.

हा वेळ किती? समजा दीड सेकंद. ताशी 60 किलोमीटरनं गाडी दीड सेकंदात 25 मीटर जाते. समोरची एस.टी. त्याच वेगानं येत असेल, तर तीही 25 मीटर येते. म्हणजे आपण नुसती वाट बघेपर्यंत 50 मीटर मोकळा रस्ता संपतो!

दुसरी गोष्ट पायाखालच्या पेडलची. पूर्वी तिथून इंजिनापर्यंत तार जायची. आताच्या गाड्यांत पेडल फक्त निरोप पाठवतं आणि किती हवा-पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो. इको, सिटी, स्पोर्ट ही बटणं मुख्यतः हा हिशेब बदलतात. टाटांच्या झेस्टमध्ये 2014 सालीच अशी तीन बटणं आली होती. महिंद्रांनी 2021 च्या एक्सयूव्ही 700 मध्ये त्यांना झिप, झॅप, झूम अशी अनुप्रास साधणारी नावं दिली. स्पोर्टमध्ये पाय थोडासा दाबला तरी इंजिन पुष्कळ ऐकतं, म्हणून गाडीची ताकद वाढल्यासारखी वाटते. पण पाय तळाशी टेकला, की नेहमीच्या आणि स्पोर्टच्या बटणात मिळणारी शक्ती बहुधा सारखीच. मुशायऱ्यात एकच गझल कुणी तहतमध्ये वाचतो, कुणी तरन्नुममध्ये गातो. ऐकणाऱ्यावर परिणाम निराळा होतो, पण शेर काही वाढत नाहीत.

काही गाड्यांत स्पोर्टबरोबर स्टिअरिंग जड होतं. काहींत घसरण आवरणाऱ्या यंत्रणेचा लगामही थोडा सैल होतो. आपल्याकडे हे ध्यानात ठेवायला हवं. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणून सोडतात. ती ओली झाली की साबणासारखी. तिथं स्पोर्टच्या नादी लागू नये.

आणि कुठलंही बटण दाबलं तरी न बदलणारी गोष्ट म्हणजे टायरची पकड. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ते डीमध्येही आणि एसमध्येही.

मग ही अक्षरं वापरायची कशी? गावात, गर्दीत डी बरा. ट्रकला मागे टाकायचं असेल, तर त्याच्या मागे असतानाच एस लावावा किंवा पट्टीनं दोन गिअर खाली यावं. इंजिनाचा सूर चढला, की मगच रस्ता बघून बाहेर पडावं. रस्ता पुरेसा मोकळा नसेल, तर कापसामागे पाच मिनिटं गेली म्हणून लग्न चुकत नाही. कन्नडचा घाट उतरताना एम लावून खालचा गिअर धरावा. इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत.

यात्रेत घोड्यांच्या बाजारात आम्ही दोघं फिरलो. एक म्हातारा व्यापारी गिऱ्हाइकाला घोडा दाखवत होता. एकदम पळवला नाही त्यानं. आधी लगाम किंचित आवळला, टाच नुसती लावली. घोड्यानं कान टवकारले, अंग गोळा केलं. मग त्यानं लगाम सोडला.

भाचा बराच वेळ बघत राहिला. परतताना, गाडी सुरू करण्याआधी, त्यानं कप्प्यातली पुस्तिका काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मामू, पहिल्या पानापासून वाचा. मोठ्यानं वाचा."